पाठीवरची सांगड: पहिली बीसीडी घेताना



गेल्या काही वर्षांत आपल्या ओळखीच्या घरांत एक नवा छंद शिरलाय. कुणी सुट्टीत मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास वीस मिनिटं पाण्याखाली राहून येतं, कुणी इजिप्तला जाऊन रीतसर कोर्स करून येतं, आणि परत आल्यावर आठवड्यातली एक संध्याकाळ इथल्या डायव्हिंग क्लबच्या तलावावर जाऊ लागते. हातात कार्ड पडलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच: आता स्वतःचं काय घ्यायचं? मास्क आणि फिन्स तोवर घेऊन झालेले असतात. मग नजर जाते दुकानात ओळीनं टांगलेल्या जॅकेटांकडे. बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस, म्हणजेच बीसीडी. पाठीवरचा सिलिंडर धरून ठेवणारी आणि आत हवा भरता-सोडता येईल अशी पिशवी असलेली वस्तू. आज तिच्याबद्दल बोलू या.

ज्यांना डायव्हिंगशी काही देणंघेणं नाही, पण ज्यांचा नवरा, बायको किंवा मुलगी या नादाला लागली आहे, त्यांनीही ऐका. घरच्यांच्या मनात या वस्तूबद्दल एक पक्का गैरसमज असतो, आणि तो आधी काढायला हवा.

आपल्याकडे विहिरीत पोहायला कसं शिकवायचे ते आठवा. पाठीला सुकलेला भोपळा बांधायचा, नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका, नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा, आणि वरून ढकलून द्यायचं. त्या भोपळ्याला, ओंडक्याला आपण सांगड म्हणतो. सांगडीचं काम एकच: माणसाला वर ठेवणं. तिला दुसरं काही येत नाही आणि यायची गरजही नसते. बीसीडी पाहिली की आपल्या डोक्यात नेमकी तीच सांगड येते. घरचे म्हणतात, "लाइफ जॅकेट आहे ना अंगात, मग काळजी नाही."

तर बीसीडी ही सांगड नव्हे, आणि लाइफ जॅकेट तर नव्हेच नव्हे. बोटीवरची १५० न्यूटनची लाइफ जॅकेट अशी बनवलेली असते, की माणूस बेशुद्ध झाला तरी तिनं त्याला उताणा करून तोंड पाण्याबाहेर ठेवावं. बीसीडीकडून तशी अपेक्षाच नसते. युरोपात तिच्यासाठी ईएन १८०९ नावाचं मानक आहे, आणि अशा बीसीडीच्या माहितीपुस्तिकेत इशारा असतो: हे लाइफ जॅकेट नाही, पाण्याच्या पृष्ठभागावर तुमचं डोकं वर राहील याची हमी नाही. हे वाक्य पुस्तिकेत बारीक अक्षरात असतं. माझ्या मते ते छातीवर मोठ्या अक्षरात छापायला हवं.

गंमत म्हणजे या यंत्राची सुरुवात सांगडीसारखीच झाली. १९६०च्या दशकात फ्रान्सच्या मॉरिस फेंझी यांनी गळ्यात घालायची, छातीवर फुगणारी पिशवी बाजारात आणली, सोबत हवेची छोटीशी स्वतंत्र बाटली. ब्रिटनच्या क्लबांमध्ये तशाच गळपट्ट्यासारख्या पिशव्या बरीच वर्षं चालल्या. ती छातीवर फुगायची, त्यामुळे माणूस आपोआप उताणा व्हायचा. मग १९७०च्या दशकात अंगरख्यासारखी जॅकेटं आली. हालचाल सोपी झाली, पाण्याखाली तोल सावरणं सोपं झालं, आणि उताणं ठेवण्याचा तो गुण गेला. क्लबमधले जुने लोक अजूनही जॅकेटला 'स्टॅब' म्हणतात, ते त्या काळातलं नाव आहे.

मग बीसीडीचं काम काय? तुम्हाला वरही जाऊ द्यायचं नाही आणि खालीही, जिथं आहात तिथंच अधांतरी राहू द्यायचं. आणि खरं सांगायचं तर हेही काम ती एकटी करत नाही. ते करतं तुमच्या कमरेचं शिसं आणि तुमचा श्वास. बीसीडी फक्त हिशेबातला फरक भरून काढते. म्हणून पहिली बीसीडी घेण्याच्या आधी, दुकानाचं दार उघडण्याच्याही आधी, आपल्याला किती शिसं लागतं ते नक्की करा. माझा धंदा कन्सल्टिंगचा आहे. आधी साधन विकत घेऊन मग त्याची गरज शोधत बसणारी मंडळी मला रोज भेटतात. डायव्हिंगच्या दुकानातही तीच भेटतात.

थोडा हिशेब करू. शाळेत प्लावक बल आणि बॉईलचा नियम शिकलो होतो, त्याच्या पलीकडचं काही नाही.

इथं ब्रिटनमध्ये सर्रास वापरला जातो तो १२ लिटरचा पोलादी सिलिंडर, २३२ बार दाबाला भरलेला. १२ गुणिले २३२, म्हणजे २,७८४ लिटर हवा. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅमची, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये जवळजवळ ३.३ किलो हवा असते. हवेलाही वजन असतं हे इथं नीट कळतं. ५० बार राखून तुम्ही वर आलात, तर वाटेत सुमारे २.६ किलो हवा श्वासावाटे सोडून आलेले असता. याचा अर्थ डायव्हच्या शेवटी तुम्ही सुरुवातीपेक्षा २.६ किलोनं हलके झालेले असता. शेवटीही तीन मीटरवर स्थिर राहता यायला हवं, म्हणून शिसं शेवटाच्या हिशेबानं बांधायचं. मग सुरुवातीला ते २.६ किलो जास्तीचं होतं. ते उचलायला बीसीडीत तेवढी हवा. हे तिचं पहिलं काम.

दुसरं काम सूटचं. वेटसूटच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, त्यांच्यामुळे तो ऊबही देतो आणि तरंगतोही. वीस मीटर खोल गेलात की दाब तिप्पट होतो, ते बुडबुडे दबतात, आणि सूटचं तरंगणं निम्म्याच्या आसपास येतं. समजा तुमचा सात मिलिमीटरचा जाड सूट वर ८ किलो उचलत होता, तर खाली चारेक किलो उचलेल. उरलेले चार किलो बीसीडीनं उचलायचे. ड्रायसूट असेल तर त्यात हवा भरत जायची असल्यामुळे हा तोटा सूट स्वतःच भरून काढतो. मात्र तो फाटला आणि आत पाणी शिरलं, तर भार पुन्हा बीसीडीवरच येणार.

दोन्ही मिळून झाले सात किलोच्या आत-बाहेर. वर आल्यावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला आणखी चार-पाच किलो धरा. एका सिलिंडरच्या डायव्हिंगला १२ ते १५ किलो उचलणारी पिशवी पुरते. दुकानात यालाच १२० ते १५० न्यूटन म्हणतील. दहा न्यूटन म्हणजे ढोबळ मानानं एक किलो. तिथं वीस किलोच्या, त्याहूनही मोठ्या पिशव्या दिसतील, आणि मोठी म्हणजे जास्त सुरक्षित असं वाटेल. तसं नाही. मोठ्या पिशवीत थोडीशी हवा इकडून तिकडे पळत राहते, ती बाहेर काढताना कोपऱ्यात अडकते, आणि पोहताना पाणी अडवते ते वेगळंच.

आता जिवाशी खेळ कुठं आहे ते सांगतो. समजा कुणी घाबरून, किंवा प्रशिक्षकाच्या घाईमुळे, चार किलो शिसं जास्त बांधलंय. ते उचलायला वीस मीटरवर बीसीडीत चार लिटर जास्तीची हवा लागेल. हा माणूस वर यायला लागला आणि हवा सोडायला विसरला, तर दहा मीटरवर त्या चार लिटरचे सहा होतात आणि पृष्ठभागावर बारा. शेवटच्या दहा मीटरांत ती दुप्पट होते. फुगत जाणारी पिशवी माणसाला आणखी वेगानं वर नेते, वेग वाढला की ती आणखी फुगते, आणि तो बुचासारखा वर येतो. फुप्फुसाला इजा आणि रक्तात बुडबुडे, दोन्हींचं मूळ इथं आहे. इथली ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब ही संस्था, जिला सगळे बीसॅक म्हणतात आणि जी १९५३ साली स्थापन झाली, ती दरवर्षी डायव्हिंगमधल्या अपघातांचा अहवाल प्रसिद्ध करते. कुणालाही वाचायला मिळतो. नवीन डायव्हरनं जाहिरातींची पत्रकं वाचण्याऐवजी त्यातली दहा पानं वाचावीत. वेगानं वर येण्याचे प्रसंग त्यात पुन्हा पुन्हा भेटतात, आणि महागडी बीसीडी असती तर ते टळले असते असं वाटायला लावणारे फार थोडे.

म्हणून आधी शिशाची परीक्षा. सिलिंडर ५० बारवर आलेला, बीसीडी पूर्ण रिकामी, खोली तीन मीटर, श्वास नेहमीसारखा. न हालता तिथं राहता आलं तर वजन बरोबर. खाली जात असाल तर एक-एक किलो कमी करत जा. आणि ही परीक्षा दोनदा करा, गोड्या पाण्यात आणि समुद्रात. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. तुमचं आणि सगळ्या सामानाचं मिळून ११० किलो धरले, तर समुद्रात पावणेतीन किलो शिसं जास्त लागेल. लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हला बरोबर बसलेलं वजन डॉर्सेटच्या स्वानेजच्या धक्क्याखाली पुरणार नाही, ते यामुळे.

स्टोनी कोव्हचं नाव आलंच आहे तर, आपल्यापैकी अनेकांचा पहिला ब्रिटिश डायव्ह तिथंच होतो. ग्रॅनाइटची जुनी खाण, पाण्यानं भरलेली, पायऱ्या-पायऱ्यांनी खोल होत गेलेली. सहा-सात मीटरवर एक टप्पा, विशीच्या आसपास दुसरा आणि पस्तीसला तळ. मार्चमध्ये तिथलं पाणी सहा-सात अंशांचं असतं. बोटं पाच मिलिमीटरच्या हातमोज्यांत असतात. बीसीडीची निवड त्या थंड, हिरवट पाण्यात उभं राहिल्यासारखी करा, दुकानाच्या उबदार गालिच्यावर नव्हे.

आता प्रकार. मुख्य दोनच धरू: जॅकेट आणि विंग.

जॅकेटमध्ये हवेची पिशवी पाठीवरून काखेखालून पोटापर्यंत येते. फुगवलं की छातीला सगळीकडून कवटाळतं. पृष्ठभागावर उभं तरंगायला मजा येते, खिसे मोठे असतात, खांद्याला चटकन सुटणारे बक्कल असतात. कोर्समध्ये बहुतेकांच्या अंगावर तेच होतं, त्यामुळे ओळखीचं वाटतं. तोटा असा, की पाण्याखाली हवा खांद्याकडे जाते, शिसं कमरेला असतं, आणि माणूस आडवा होण्याऐवजी तिरपा उभा राहतो. खाणीच्या तळाशी तिरपं पोहणाऱ्याचे पाय गाळ ढवळतात, आणि मागून येणाऱ्यांना मग काही दिसत नाही. क्लबमध्ये अशा माणसाचं नाव लवकर सगळ्यांना कळतं.

विंगमध्ये पाठीला धातूची एक पट्टी असते, तिला बॅकप्लेट म्हणतात. तिच्यातून एकच सलग पट्टा खांद्यांवरून कमरेत आणि एक दोन पायांमधून फिरवलेला असतो, आणि हवेची पिशवी पूर्णपणे पाठीमागे. छाती मोकळी. पोलादी प्लेट स्वतःच दोन-अडीच किलोची असते, तेवढं शिसं कमरेवरून पाठीवर, फुप्फुसांच्या वर जातं, आणि शरीर आपोआप आडवं व्हायला मदत होते. पिशवी फाटली तर फक्त पिशवी बदलता येते. पुढं दोन सिलिंडरांवर जायचं ठरलं तर मोठी पिशवी घ्यायची, प्लेट तीच. तोटा: पृष्ठभागावर हवा गच्च भरली तर ती पाठीमागून तुम्हाला तोंडावर ढकलू पाहते. कमी हवा भरून, जरा मागं रेलून राहायची सवय करावी लागते.

माझं मत विचाराल तर, ज्यांना इथल्याच पाण्यात वर्षाला दहा-बारा डायव्ह करायचे आहेत त्यांनी थेट साधी विंग घ्यावी. ज्यांचं डायव्हिंग म्हणजे दोन वर्षांतून एक सुट्टी आणि क्लबचा तलाव, त्यांनी जॅकेट घ्यावं, किंवा काहीच घेऊ नये. मधले प्रकारही असतात, दिसायला जॅकेट पण हवा फक्त पाठीमागे. वाईट नसतात. दुकानदार प्रत्येक गोष्टीला मधला प्रकार दाखवतोच.

काहीजण म्हणतात, पुढं स्कापा फ्लोला जायचंय म्हणून आताच मोठं घेऊ. ओर्कनीच्या त्या उपसागरात २१ जून १९१९ रोजी जर्मन आरमारानं आपलीच जहाजं बुडवली, त्यातली काही अजून तळाशी आहेत, आणि ती पाहायची इच्छा कुणालाही व्हावी. पण त्यातली मोठी जहाजं चाळीस मीटरच्या आसपास आहेत. पहिल्या कार्डावर अठरा-वीस मीटरांची मर्यादा असते. तिथं पोचेपर्यंत तुमची आवड, तुमचा सूट आणि बहुधा तुमच्या कमरेचा घेरही बदललेला असेल.

माप हा भाग घाईनं उरकू नका. ज्या सूटमध्ये डायव्ह करणार, तो सूट अंगात घालून बीसीडी चढवा. ड्रायसूट आणि आतला उबदार कपडा धरून माणूस दोन मापं जाड होतो. मग ती पूर्ण फुगवा, वरचा झडप फुर्र करून सुटेपर्यंत. आता दीर्घ श्वास घ्या. बरगड्या आवळल्या जात असतील तर ती तुमची नाही, रंग कितीही आवडला तरी. मग हातमोजे घाला आणि डोळे मिटून तीन गोष्टी शोधा: हवा भरायचं बटण, खांद्यावरचा हवा सोडायचा झडप, आणि मागच्या बाजूला कमरेजवळचा झडप ज्याची दोरी ओढायची असते. डोळे मिटून सापडत नसेल तर खाली मुळीच सापडणार नाही. दुकानात लोक बघतील, बघू द्या.

बायकांसाठी एक वेगळं सांगतो. बरीच जॅकेटं पुरुषाच्या धडाची लांबी धरून कापलेली असतात. पाच फुटांच्या बाईला त्यातलं लहान मापही मांड्यांपर्यंत येतं, छातीवरचा पट्टा भलत्याच जागी बसतो, आणि पाण्यात सगळं सिलिंडरसकट वर सरकून मानेला लागतं. बायकांसाठी कापलेली जॅकेटं मिळतात, ती मागा. विंगचा पट्टा तर अंगावर मोजून बसवायचा असतो, तिथं हा प्रश्न बराच सुटतो, आणि पायांमधून येणारा पट्टा सगळं वर सरकू देत नाही. "सवय होईल" असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या दुकानात जा.

मुलांसाठी मात्र काही विकत घेऊ नका. पॅडीसारख्या संस्था दहाव्या वर्षापासून मुलांना कार्ड देतात, आणि आपल्या घरांत मुलाला वयाच्या मानानं एक माप मोठं घ्यायची पद्धत आहे. शाळेच्या गणवेशात ते चालतं. सैल बीसीडीत मूल एकीकडे आणि सिलिंडर दुसरीकडे जातो. उंची वाढायची थांबेपर्यंत क्लबचं किंवा भाड्याचं वापरा.

आणि पोहणं. आपल्यातले कितीतरी जण मोठेपणी, इथं आल्यावर पोहायला शिकले. पॅडीच्या पहिल्या कोर्सला २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगत राहणं अपेक्षित असतं. मास्क, फिन्स आणि स्नॉर्कल वापरलं तर पोहणं ३०० मीटर. कुठं कुणी ही परीक्षा हसतखेळत उरकली असेल, तर बीसीडीचे पैसे आधी पोहण्याच्या शिकवणीवर घाला. हवा भरलेली पिशवी आहे म्हणून न पोहणाऱ्याला पाण्यात उतरवणं म्हणजे पुन्हा भोपळा बांधणं झालं, आणि विहिरीच्या काठावर निदान काका दोर धरून उभे असायचे.

शिसं कुठं ठेवायचं? आजकाल बऱ्याच बीसीडींना शिशाचे खिसे जोडलेले असतात, हँडल ओढलं की खिसा सुटून पडतो. कमरेला पट्टा नको, पाठीला आराम. पण सगळं शिसं तिथं ठेवलं की दोन भानगडी होतात. पहिली: रबरी बोटीवर चढताना बरेचदा सामान पाण्यातच काढून वर द्यावं लागतं. तुमची पिशवी सिलिंडर, रेग्युलेटर आणि आठ-दहा किलो शिसं एकटी तरंगवू शकते का, ते आधी पाहा. आणि तुम्ही मात्र सूटमुळे बुचासारखे वर तरंगत राहाल. दुसरी: वर ओढणाऱ्या माणसाची कंबर. म्हणून थोडं पट्ट्यात, थोडं बीसीडीत अशी वाटणी करा. आणि ते टाकायचं कसं याचा हात बसवा. बुडून मेलेल्या डायव्हरांच्या अनेक अभ्यासांत एक गोष्ट सारखी दिसते: शिसं अंगावर तसंच होतं. पृष्ठभागावर संकट आलं तर आधी हवा भरा, ती भरत नसेल तर तोंडानं फुंका, आणि शिसं सोडून द्या. शिशाचे पैसे परत मिळतात.

नवरा-बायको जोडीनं डायव्ह करणार असाल तर शक्यतो एकाच धाटणीचं घ्या. एकाच्या अंगावर जॅकेट, खांद्याला बक्कल. दुसऱ्याच्या अंगावर विंग, सलग पट्टा, बक्कल फक्त कमरेला. अशा वेळी बेशुद्ध जोडीदाराचं सामान उतरवताना हात कुठं जाणार? वेगळं असेलच तर प्रत्येक डायव्हच्या आधी एकमेकांचं बक्कल, झडप आणि शिसं हात लावून पाहा. घरी न बोलणारी जोडपीसुद्धा धक्क्यावर हे करतात.

पैशांकडे येऊ. नवं साधं जॅकेट किंवा साधी विंग ढोबळ मानानं तीनशे ते पाचशे पौंडांत येते, वर जायला मर्यादा नाही. पण एमबीएच्या वर्गात शिकवतात तसा वस्तू सांभाळण्याचा खर्चही धरा: वर्षातून एकदा इन्फ्लेटर आणि झडपांची तपासणी, नळी, अधूनमधून एखादा पट्टा. वर्षाला चार डायव्ह असतील तर भाडं स्वस्त पडतं. सिलिंडर तर पहिल्या वर्षी घेऊच नका. इथं त्याची आतून-बाहेरून तपासणी दर अडीच वर्षांनी आणि दाबाची चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते, तारीख उलटली की कुणी भरून देत नाही.

जुनं घ्यायला हरकत नाही. कोर्सच्या उत्साहात घेतलेली आणि दोनदा वापरलेली बीसीडी क्लबमध्ये नेहमी कुणीतरी विकत असतं. घेताना तोंडानं गच्च फुगवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडली असेल तर कुठंतरी गळतंय. नळीच्या घड्या ताणून भेगा पाहा. पिशवी हलवून ऐका, आत वाळलेल्या मिठाचे खडे वाजतात. आणि बटण दहादा दाबून सोडा. ते पटकन परत यायला हवं. मिठानं किंवा वाळूनं अडकलेलं बटण ही या सगळ्या यंत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट, कारण मग पिशवी स्वतःच भरत राहते आणि तुम्हाला वर घेऊन निघते. तसं झालं तर एका हातानं झडप उघडा आणि दुसऱ्यानं हवेची नळी इन्फ्लेटरपासून तोडा. हातमोजे घालून ती नळी काढायचा सराव तलावात करा, महिन्यातून एकदा तरी.

भारतात जाताना हे सगळं न्यायचं का? विमानात २३ किलोंची बॅग, त्यात जाताना आईसाठी चॉकलेटं आणि येताना भाजणी. पोलादी प्लेट त्यात कुठं बसवणार! मालवण-तारकर्लीला पाणी उबदार, डायव्ह बहुतेक उथळ. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्वतःची डायव्हिंग संस्था आहे, तिथं शिकायची आणि सामानाची सोय होते. हंगाम पावसाळा सोडून. मास्क आणि कॉम्प्युटर घेऊन जा, बीसीडी तिथली वापरा. फक्त एवढं लक्षात ठेवा, की तिकडे सिलिंडर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा मिळेल. तो रिकामा होत आला की स्वतःच वर तरंगू पाहतो, त्यामुळे त्याच्यासाठी दोनेक किलो शिसं वाढवावं लागतं. उलट सूट पातळ असतो, म्हणून एकूण शिसं इथल्यापेक्षा बरंच कमी. आकडा इथून पाठ करून जाऊ नका, तीन मीटरवरची परीक्षा तिथं पुन्हा करा. आणि भाड्याच्या बीसीडीचं बटणही दहादा दाबून पाहा.

काही किरकोळ गोष्टी. रंग भडक असलेला बरा. इथल्या हिरव्या पाण्यात काळी बीसीडी तीन मीटरवर नाहीशी होते. खिसा एक तरी मोठा हवा, कारण वर येताना सोडायचा नारिंगी फुगा आणि त्याची दोरी त्यात राहते, आणि ब्रिटिश समुद्रातल्या प्रवाहात बोटवाल्याला तुम्ही त्या फुग्यामुळेच दिसता. बाकी कड्यांना टॉर्च, चाकू, पाटी, शिट्टी असं सगळं लटकवून स्वतःला नंदीबैल करू नका. लोंबणारी प्रत्येक वस्तू खाली जाळ्यात अडकते.

आणि वापरून झालं की धुवायचं, बाहेरून आणि आतूनही. तोंडाच्या नळीतून एक-दोन लिटर गोडं पाणी आत ओता, थोडी हवा भरा, उलटसुलट हलवा आणि मागच्या झडपातून काढून टाका. दोनदा. क्लबच्या तलावातून आलात तरी धुवा, क्लोरीनही पिशवी खातं. मग अर्धवट फुगवून सावलीत टांगा. न्हाणीघरात टांगणार असाल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा, रात्री दिवा लावल्यावर दारामागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं.